सहा वारांचं मशीन

४ मार्च, सोमवार

कागद पुन्हा महागला! वर्षातली तिसरी वेळ. गिरणीच्या फोनवरची मुलगी इतक्या गोड आवाजात नवा भाव सांगते, जणू घरच्या लग्नाचं आमंत्रण देतेय. "कारण काय?" विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, बाजाराचा कलच तसा आहे." कल! कोणाच्या बाजूला कललाय, तेवढं तरी सांग ना बाई.

खरी चीड पुढेच. दुपारी बरण्यांच्या कारखान्याचा खरेदीवाला आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच गिरणीने त्याला तयार खोक्याचा भाव दिलाय. तो भाव आणि माझ्या नुसत्या कागदाचा भाव — एकच! म्हणजे पुठ्ठा करणं फुकट, छपाई फुकट, कापणं-चिकटवणं फुकट, माझे आणि दादाचे इतक्या वर्षांचे हात फुकट. कच्चा माल विकणाराच तयार मालाचं दुकान मांडून बसला, तर मला कागद कोणत्या भावाने देईल? ज्या भावात मी मरेन, त्या!

दादा म्हणाला, "आधी चहा घे." जगबुडी आली तरी माझा भाऊ आधी चहा घेईल.

५ मार्च, मंगळवार

धंद्याच्या मासिकात लांबलचक लेख. पुठ्ठा उद्योगातील एकत्रीकरण. आलेख, बाण, रंगीत वर्तुळं. मोठी वर्तुळं निळी, आम्ही करडे ठिपके. एक वाक्य वाचून मासिक भिरकावलंच — "लहान उत्पादक नैसर्गिकरीत्या बाहेर पडतील."

नैसर्गिकरीत्या! जणू आम्ही दुधाचे दात.

या भागात पाच गिरण्या होत्या. एकीशी पटलं नाही तर दुसरीकडे जायचं, भांडायचं, पुन्हा पहिलीकडे यायचं. मग दोन उरल्या. मग त्या दोघींनी हातमिळवणी केली आणि बाजार नावाची गोष्टच संपली. विकणारा एक आणि घेणारे शेकडो — याला बाजार म्हणतात होय? आणि आता ती एकटी गिरणी खोकीवाल्यांना एकेक करून विकत घेतेय. गिळण्याला एकत्रीकरण म्हणायचं! मग सापाने बेडूक खाल्ला, तेही एकत्रीकरणच की.

७ मार्च, गुरुवार

आज आमचा वार. दिवसभर मशीनवर. अंगाला खळीचा वास येतोय, पण मन शांत आहे.

रविवारी गिरणीचा माणूस भेटायला येतोय. त्याला काय सुनावायचं, ते इथे आधी मांडून बघते. बोलताना अडखळायला नको.

आम्ही सहा जण, म्हणजे सहा शेडवाले. शेड वेगळ्या, गिऱ्हाइकं वेगळी, भांडणंही आपापली. पण कागदाचा पुठ्ठा करणारं मोठं मशीन कोणा एकाच्या ऐपतीचं नव्हतं. सहा जणांनी मिळून घेतलं आणि आठवड्याचे सहा वार वाटून घेतले. सोमवार अण्णांचा — आमच्यात सगळ्यात वडील, मशीन उभं केलं ते त्यांनीच. मंगळवार मास्तरांचा. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता शोभेची खोकी करतात. बुधवार दोन जावांचा. घरात एकमेकींशी बोलत नाहीत, पण बुटांची खोकी अशी करतात की दृष्ट लागावी. गुरुवार माझा आणि दादाचा. शुक्रवार एका अबोल गृहस्थांचा. शनिवार फिरकीचा — सगळ्यांची फिरकी घेतो म्हणून हे नाव, खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल. रविवारी सगळे जमून खळीच्या पराती धुतो.

आणि एक रीत. कोणाचा कागद आला नाही, कोणाचं काम तुंबलं, की तो दुसऱ्याचा वार उसना मागतो. मागितला की द्यायचा. कशाला हवा, विचारायचं नाही. परत कधी देणार, तेही नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. मी जुन्या जगातल्या कारागिरांच्या संघांबद्दल पुष्कळ वाचलंय. त्यांच्या नियमांची बाडं होती बाडं! पण इतका साधा आणि इतका शहाणा नियम मला कुठे सापडला नाही.

मशीनचं काहीही करायचं तर सहापैकी चौघांनी हो म्हणायला हवं. चार वार ज्याच्या हातात, मशीन त्याचं. गिरणीलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच येतोय तो.

१० मार्च, रविवार

आला. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला आठी म्हणून नाही. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. आम्ही हातात ब्रश घेऊन परातींपाशी, आणि हा मधोमध उभा. "तुम्ही सगळे आमच्या कुटुंबातलेच." मी म्हटलं, "मग परात धुवा." धुतली नाही.

म्हणणं असं, की प्रत्येकाने आपला वार गिरणीला विकावा. गिरणी पैसे देईल, शिवाय कामही देईल. मग पिशवीतून एक खोकं काढलं. हलकं, पातळ, दिसायला नाजूक. "याचं वजन तुमच्या खोक्याच्या दोन तृतीयांश, आणि ताकद जास्त."

आमच्या धंद्यात यावर बोलत बसत नाहीत, वर उभे राहतात. मी खोकं उलटं ठेवलं आणि चढले. चढले आणि तिथूनच बोलायला लागले. भावाबद्दल, मक्तेदारीबद्दल, करड्या ठिपक्यांबद्दल. मनात म्हणत होते, आता खोकं चेपून बसेल, आता बसेल. चांगलं लांबवलं भाषण.

खोकं बसलं नाही!

फिरकी म्हणाला, "ताई, उतरा आता. जास्त वेळ उभं राहिलात तर विकत घ्यावं लागेल." सगळे हसले. जावासुद्धा हसल्या, एकाच वेळी! गोडबोल्या तर काय, खूशच.

मी उतरले आणि विचारलं, "कोणता कागद हा?"

"लांब धाग्याचा. नवा आहे."

"मग हाच द्या आम्हाला. भाव बोला."

"तो आमच्या स्वतःच्या कारखान्यांसाठीच ठेवलाय, ताई."

ऐका! आम्हाला रद्दीचा लगदा विकायचा, चांगला कागद स्वतः वापरायचा आणि मग आमच्यापुढे खोकं नाचवून म्हणायचं, बघा, तुम्हाला जमत नाही! शर्यतीत दुसऱ्याचे पाय बांधायचे आणि वर पळायची शिकवणी द्यायची! हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. माणूस आहे की सनमायका?

२१ मार्च, गुरुवार

गिरणीचा कागद आता नेमका वार हुकवून येतो. अण्णांचा सोमवारी यायचा, तो आला मंगळवारी. मास्तरांनी आपला वार निमूट त्यांना दिला, मग फिरकीने मास्तरांना शनिवार दिला, मी माझा अर्धा गुरुवार फिरकीला. सहा जण हातात हात गुंफून उभे राहिलो तर कोण तोडणार? आज खूप बरं वाटलं.

३ एप्रिल, बुधवार

जावांनी बुधवार विकला.

४ एप्रिल, गुरुवार

मला वाटलं होतं, निदान काल मशीनवर गिरणीचा माल निघाला असेल. छे! काल मशीन बंदच होतं. मोठं कुलूप, वर गिरणीची चिठ्ठी. वार विकत घेतला तो रिकामा ठेवायला!

आणि भोग कोणाला? मला. बॉयलर दिवसभर थंड पडला की रूळ तापायला अर्धी सकाळ जाते. संध्याकाळी सहाला तर बॉयलर बंद करावाच लागतो, शेजारी वस्ती आहे. म्हणजे बुधवार त्यांनी घेतला, पण अर्धा गुरुवार माझा खाल्ला. पैसे देऊन थंडी विकत घेतायत!

थोरल्या जावेला रस्त्यात गाठलं. म्हटलं, "अहो, सांगितलं असतंत तर?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही भाषण दिलं असतं." आणि गेली.

दिलंच असतं! का नाही देणार?

२१ एप्रिल, रविवार

शुक्रवारी अण्णा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गोडबोल्याबरोबर दिसले. अर्धा तास. फिरकीनेही पाहिलं.

आज परातींपाशी मी ठराव मांडला. सभाच भरवली म्हणा ना. फितुरी कशी सुरू होते, ते सांगितलं. ती तलवारीने सुरू होत नाही, चहाने होते! गावं, गिरण्या, संघ, चळवळी — बाहेरच्याने कधी पाडल्या नाहीत, आतल्याने दार उघडलं तेव्हा पडल्या. आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. बोलले ते मनापासून बोलले. आणि शेवटी ठराव — जो कोणी गिरणीच्या माणसाशी बोलेल, त्याला कोणीही वार उसना द्यायचा नाही.

मास्तरांचा हात वर. फिरकीचा वर. शुक्रवारवाल्यांनी इकडेतिकडे बघून केला. अण्णा ब्रश हातात घेऊन तसेच बसले. "चहा पाजला, प्यायलो. तो पोरगा मला आवडतो, बोलतो छान," एवढंच म्हणाले.

आवडतो म्हणे!

घरी आल्यावर दादा: "आपण कधी कोणाला कारण विचारलं नव्हतं. आजपासून विचारायला लागलो."

मी म्हटलं, युद्धात शिस्त लागते. तो म्हणाला, "आपण खोकी करतो ग." मी रागाने जेवले नाही. मग पुष्कळ जेवले.

७ मे, मंगळवार

सकाळी अण्णा शेडवर आले. दारातच उभे. मी बसा म्हटलं, तरी बसले नाहीत.

"काल कागद आला नाही. आज आलाय. मास्तरांचं मशीनवर चालू आहे, त्यांना कसं उठवू? बाटल्यांच्या कारखान्याला शनिवारी माल हवाय. तुझा गुरुवार देशील?"

मी विचारलं, "अण्णा, तुम्ही त्या माणसाशी पुन्हा बोललात?"

"बोललो."

"काय बोललात?"

"ते कशाला?"

"मग मी कसा देऊ? ठराव आहे. मीच मांडलाय. माझ्यापासूनच मोडला तर उरलं काय?"

वाटलं होतं, भांडतील. मी तयारी करून ठेवली होती. "बरं," म्हणाले आणि गेले. चप्पल अंगठ्यात नीट बसली नव्हती, ती दारातच वाकून घातली.

तत्त्व सोपं असतं तर सगळ्यांनीच पाळलं असतं! मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण चूक केली असंही वाटत नाही. नाही वाटत.

१३ मे, सोमवार

बाटल्यांच्या कारखान्याने अण्णांना सोडलं. आता खोकी गिरणीकडून. आठवड्याच्या आत! जणू गाडी भरून दाराशी उभीच होती. उभीच असणार!

 दादाने आज चहासुद्धा स्वतःपुरता केला.

२० मे, सोमवार

अण्णांनी सोमवार विकला.

मी तडक त्यांच्या शेडवर. कटिंग मशीनवर चादर टाकलेली, खिडक्या बंद. मी बोलायला लागले. मशीन आणायला गेलो तेव्हा ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसून परत आलो होतो, आठवतंय का? तुम्हीच म्हणाला होतात, की हे सहा जणांचं आहे, पाच जणांचं कधी होणार नाही! ते खरं होतं, की हे खरं?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विकायचं ठरलं नव्हतं ग. विचार चालू होता, नाही म्हणत नाही. गुरुवार मिळाला नाही, तेव्हा ठरलं."

म्हणजे दोष माझा! विकणारे हे, विकत घेणारा तो, कागद अडवणारी गिरणी, आणि दोषी मी — जी एकटी उभी राहून ओरडतेय! वा रे न्याय! परत येताना रस्ताभर मनात त्यांना उत्तरं देत होते. एकाहून एक सरस उत्तरं. एकही तिथे सुचलं नव्हतं.

२६ मे, रविवार

पराती धुवायला चौघंच. दादा, मी, मास्तर, फिरकी. शुक्रवारवाले आले नाहीत. निरोपही नाही.

६ जून, गुरुवार

शुक्रवारही गेला. विकताना म्हणे त्यांनी गोडबोल्याला एवढंच विचारलं, "सही कुठे?" वर्षभरात त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात लांब वाक्य असेल.

गिरणीचे आता तीन वार. आणखी एक मिळाला की चार. मग मशीन उचलून नेतील, भंगारात देतील, समुद्रात बुडवतील. त्यांची मर्जी. मास्तर, फिरकी आणि आम्ही. तिघांपैकी ज्याचा पाय आधी घसरेल, त्याच्यापाशी सगळं संपेल.

आणि वर कळस — तीन रिकाम्या वारी मशीनला कुलूप लावायला आणि राखायला गिरणीने माणूस नेमलाय. कोण? अण्णा! पगारावर! ज्या माणसाने एकेक रूळ स्वतः पुसून बसवला, त्यालाच ते बंद ठेवायची नोकरी! खिशावर गिरणीचं चिन्ह असलेला निळा शर्ट दिलाय. मी लांबून पाहिला. जवळ गेले नाही. एवढा अपमान शिव्या देऊनही करता आला नसता. आणि त्यांनी तो घातला! कसा घातला?

१३ जून, गुरुवार

आमचा कागद आला नाही.

बरण्यांच्या कारखान्याचा हंगाम सुरू झालाय. मंगळवारी सकाळी खोकी हवीत. नाही दिली, तर बुधवारपासून गिरणीची. खरेदीवाल्याने हे हात जोडून सांगितलं, बिचाऱ्याचा काय दोष. हे गिऱ्हाईक गेलं तर शेड चालत नाही. शेड चालली नाही तर गुरुवार ठेवून काय करायचं? तो चौथा वार माझाच असणार. दादाला आणि मला, दोघांनाही कळतंय.

गोडबोल्याला फोन करून असं झापलं की पलीकडच्या शेडमधली माणसं काम थांबवून ऐकायला आली. तो म्हणाला, "ताई, गाडी वाटेत आहे." कुठल्या वाटेत?

१४ जून, शुक्रवार

संध्याकाळी कागद आला. बॉयलर बंद झाल्यावर! नेमका! आजचा वार गिरणीचा, कुलूप होतंच. उद्या शनिवार, फिरकीचा. रविवारी बॉयलरवाला नसतो. सोमवार पुन्हा गिरणीचा. मास्तर मंगळवार हसत देतील, पण मंगळवारी पुठ्ठा काढून मंगळवारीच खोकी कशी देणार?

उरला फिरकी.

१५ जून, शनिवार

सकाळीच गेले. मशीन त्याने सुरूही केलं होतं. म्हटलं, "आजचा दिवस दे."

फिरकीने आज एकही विनोद केला नाही. म्हणाला, "ताई, परवा तुम्ही गोडबोल्याशी फोनवर बोललात. आख्ख्या गल्लीने ऐकलं."

"अरे, मी त्याला शिव्या घातल्या!"

"ठरावात शिव्यांची सवलत नाहीये. तुम्हीच मांडलाय." मग आवाज उतरवून — "रागावू नका. माझंही काम तुंबलंय. पूर्वी आज तुम्हाला दिला असता, कारण उद्या मला कोणीतरी देणार हे माहीत होतं. आता मला कोण देणार? अण्णांना आपण दिला नाही. मला देतील कशावरून?"

'आपण' म्हणाला. 'तुम्ही' म्हणाला नाही. मला वाटतं, मुद्दाम.

मी पुष्कळ भाषणं दिली आयुष्यात. एवढ्या चार वाक्यांत माझं बोलणं कोणी खोडलं नव्हतं. संताप आला. कोणावर, ते शोधत दुपारभर रिळांपाशी उभी होते. गिरणी आहेच! ती आहेच. ती नालायक आहे, लबाड आहे, यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण अण्णांना दारातून परत पाठवलं, ते गिरणीने नाही.

१६ जून, रविवार

दादा म्हणाला, "उद्या मी गोडबोल्याला फोन करतो. वार विकून टाकू, निदान भाव तरी नीट मिळेल." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१७ जून, सोमवार

सकाळी सातला दारात अण्णा. निळा शर्ट. "रीळ घेऊन ये. रूळ तापलेत."

"अण्णा, सोमवार आता गिरणीचा—"

"किल्ली माझ्याकडे आहे. चल."

आमचा सगळा पुठ्ठा निघाला. खळ त्यांनीच घोटली, कोणाला हात लावू दिला नाही. दादा रिळं लावत होता आणि डोळे पुसत होता, म्हणत होता वाफ फार आहे. मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा म्हणाले, "कागद बघ, तिरका जातोय."

चारच्या सुमाराला गोडबोल्याचा फोन. अण्णांनी माझ्यासमोरच घेतला. "हो साहेब, चालू आहे. हो, मीच दिलं." पलीकडचं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. निळा शर्ट काढला, घडी घातली, त्यावर किल्ली ठेवली. आणि बनियनवरच परत खळीच्या परातीपाशी गेले. अजून दोन रिळं बाकी होती.